परिचारिकांची शिक्षिका : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

वाचकहो, शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी ते चित्र पाहिलेले आहे. रात्रीची वेळ, जखमी सैनिकांच्या खाटांची लांबच लांब रांग, आणि हातात दिवा घेऊन त्या रांगेतून पुढे जाणारी एक सडपातळ स्त्री. चित्रकारांनी तिच्या हाती बहुधा अल्लाउद्दिनाच्या गोष्टीत शोभेल असा चोचीचा दिवा दिलेला असतो. वास्तविक तो होता एक साधा तुर्की फानूस, मिटता-उघडता येणारा, आत मेणबत्ती लावण्याचा. तुर्कस्तानच्या कोणत्याही बाजारात तो त्या काळी सहज मिळत असे.

चित्र खोटे आहे असे नाही. परंतु त्या चित्राने या थोर स्त्रीवर थोडासा अन्यायच केला आहे. फानूस घेऊन फिरण्याचे ते दिवस दोन वर्षांहूनही कमी होते. त्यानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल चौपन्न वर्षे जगल्या, आणि त्यांतील पुष्कळसा काळ त्यांनी आजारपणामुळे बंद खोलीत काढला. त्या बंद खोलीत बसून त्यांनी जे केले, ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. नर्सिंग हे शिकवण्याचे शास्त्र आहे, आणि जे शिकवायचे ते तपासून, मोजून, पडताळून शिकवायचे, ही रीत त्यांनी घालून दिली. आज आपल्या मुली नर्सिंग कॉलेजात जातात, तिथे त्यांच्या शिक्षिका एखाद्या संशोधनाचा निष्कर्ष सांगून अमुक काम अमुक पद्धतीनेच का करायचे ते समजावून देतात. या पद्धतीचे मूळ शोधू लागलो तर आपण या बाईंच्या टेबलाशी येऊन पोहोचतो.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला आणि शहराचेच नाव मुलीला मिळाले. घराणे इंग्रज, सधन आणि सुसंस्कृत. उन्हाळ्यासाठी एक घर, हिवाळ्यासाठी दुसरे. वडिलांनी आपल्या दोन्ही मुलींना घरी स्वतः शिकवले. लॅटिन, ग्रीक, इतिहास, तत्त्वज्ञान हे सर्व त्यांनी मुलींना दिले. धाकट्या फ्लॉरेन्सला मात्र गणिताची विलक्षण ओढ होती. मुलीच्या जातीला गणित कशाला हवे, असा प्रश्न त्या सुधारलेल्या घरातही उपस्थित झालाच!

वयाच्या पंचविसाव्या वर्षी, म्हणजे १८४५ साली, तिने घरी सांगितले की मला जवळच्या सॅलिसबरी येथील इस्पितळात जाऊन रुग्णसेवा शिकायची आहे. घरात हलकल्लोळ माजला. आई रडली, बहिणीला झटके येऊ लागले. पालकहो, त्या आईवर रागावण्यापूर्वी थोडा विचार करावा. त्या काळच्या इंग्लंडात इस्पितळ म्हणजे घाण, दुर्गंधी आणि मरण. तेथे काम करणाऱ्या बायकांविषयी दारूबाजीच्या आणि गैरवर्तनाच्या कथा घरोघर सांगितल्या जात. कोणत्या आईने आपली लाडकी लेक अशा ठिकाणी पाठवली असती? आईची भीती अवाजवी नव्हती. मात्र मुलीला घरात अडकवून ठेवल्याने ती इस्पितळे काही सुधारणार नव्हती, हेही तितकेच खरे.

मुलीने बंड केले नाही. तिने दुसरा मार्ग शोधला. पहाटे, घर जागे होण्यापूर्वी, मेणबत्तीच्या उजेडात ती इस्पितळांचे अहवाल आणि सरकारी आरोग्यखात्याची प्रकाशने वाचू लागली. कोणत्या शहरात किती इस्पितळे, किती खाटा, किती रोगी बरे होतात, किती दगावतात, याची टिपणे वह्यांमागून वह्यांत भरू लागली. न्याहारीची घंटा झाली की वह्या मिटायच्या आणि दिवसभर सभ्य घरातील मुलीचे जिणे जगायचे. चांगल्या घरचे, विद्वान आणि मनाला आवडलेले असे एक स्थळ आले होते, तेही तिने नाकारले. अशी वर्षे गेली. अखेर १८५१ साली जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठी कैझर्सवर्थ येथील संस्थेत तीन महिने शिकण्याची परवानगी मिळाली, आणि १८५३ साली लंडनमधील एका लहान शुश्रूषागृहाची व्यवस्था तिच्याकडे आली. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती.

पुढच्याच वर्षी इंग्लंड क्रायमियाच्या युद्धात उतरले. तुर्कस्तान, इंग्लंड आणि फ्रान्स एका बाजूला, रशिया दुसऱ्या बाजूला. इंग्रज सैनिकांच्या हालअपेष्टांच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येऊ लागल्या, तेव्हा युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी नाइटिंगेलबाईंना पाचारण केले. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी अडतीस परिचारिकांसह त्या इस्तंबूलसमोरील उस्कुदार येथे पोहोचल्या. इंग्रज त्याला स्कुटारी म्हणत. सुलतान सलीम तिसरा यांच्या नावाने ओळखली जाणारी तेथील भव्य बराक तुर्कांनी मित्रराष्ट्राला इस्पितळासाठी दिली होती. त्या बराकीत पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. स्वयंपाकघरे सुरू झाली, अंथरूण-पांघरूण मिळाले, कपडे धुतले जाऊ लागले, आणि रात्रीच्या फेरीतला तो फानूस इंग्लंडच्या घराघरांत जाऊन पोहोचला.

आता वाचकहो, येथून पुढे जरा लक्षपूर्वक वाचावे.

इतकी सेवा चालू असतानाही त्या हिवाळ्यात सैनिक मरतच होते. चार हजारांवर मेले, आणि त्यांतले बहुतेक जखमांनी नव्हे, तर हगवण, पटकी आणि तापाने. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२.७ वर गेले होते. मार्चमध्ये लंडनहून एक आरोग्य आयोग आला. त्यात डॉ. जॉन सदरलंड होते, रॉबर्ट रॉलिन्सन नावाचे इंजिनियर होते. त्यांनी बराकीखालची तुंबलेली गटारे उपसून धुतली, पाणी दूषित होत होते ते थांबवले, हवा खेळती केली, भिंतींना चुना दिला. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा २.२ वर आले.

बाईंची त्या वेळची समजूत अशी होती की, सैनिक आघाडीवरूनच उपासमारीने आणि अतिश्रमाने खंगून येतात, त्यामुळे मरतात. गटारांचा खरा हिशेब त्यांना युद्ध संपल्यावर उमगला. १८५६ साली त्या मायदेशी परतल्या आणि जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कचेरीतील थोर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासह आकडे मांडू लागल्या. काम सोपे नव्हते. स्कुटारीत मृत्यूच्या तीन वेगवेगळ्या नोंदवह्या होत्या आणि तिघींचा मेळ एकमेकींशी बसत नव्हता! आकडे नीट लागले तेव्हा दिसून आले की, ज्या इस्पितळात आपण रात्रंदिवस राबलो ते आघाडीवरील इस्पितळांपेक्षाही अधिक घातक होते. प्रेमाने शुश्रूषा झाली, पण जमिनीखालून मरण येत होते.

दुसरे कोणी असते तर गप्प बसले असते. लोक देवीसारखे पूजत होते, गाणी रचत होते, तसबिरी विकल्या जात होत्या. बाईंनी मात्र तेच आकडे राजदरबारी आणि मंत्र्यांपुढे मांडले. रुक्ष कोष्टके कोणी वाचत नाही हे जाणून त्यांनी वर्तुळाकार आलेख काढले. प्रत्येक महिन्याची एक पाकळी. टाळता येण्याजोग्या रोगांनी झालेले मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे तांबड्या, इतर कारणांचे काळ्या. निळा रंग इतका पसरलेला की वेगळे सांगण्याची गरजच उरत नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली. शांततेच्या काळात, इंग्लंडमधल्याच छावण्यांत, ऐन तारुण्यातल्या सैनिकांचे मृत्युप्रमाण त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट होते. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री.

याच सुमारास त्यांची प्रकृती ढासळली. क्रायमियात जडलेला ताप आयुष्यभर उलटत राहिला. ब्रुसेलोसिस नावाचा तो रोग असावा, असे आजचे अनेक अभ्यासक मानतात. वॉर्डात उभे राहून शिकवणे त्यांना पुढे कधीच शक्य झाले नाही. शिकवायचे ते कागदावरून आणि दुसऱ्यांच्या हातून.

कृतज्ञ जनतेने त्यांच्या नावे सुमारे चव्वेचाळीस हजार पौंडांचा निधी जमवला होता. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांचे विद्यालय निघाले. पहिल्या तुकडीत विद्यार्थिनी अगदी मोजक्या. शिक्षण एक वर्षाचे, राहणे-जेवणे फुकट, वर वर्षाला दहा पौंड विद्यावेतन. मेट्रन वॉर्डरोपर यांच्याकडे प्रत्यक्ष कारभार होता. प्रत्येक मुलीच्या कामाचा आणि वर्तणुकीचा तक्ता दरमहा भरला जाई आणि तो बाईंच्या खोलीवर पोहोचे.

त्याच वेळी त्यांचे ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते घरोघरच्या स्त्रियांसाठी लिहिलेले, पण विद्यालयातही वापरले गेले. हवा, उजेड, स्वच्छता, आहार, शांतता अशी त्यातली प्रकरणे. हात वारंवार धुवावेत हेही त्यात आहे. मला या पुस्तकातील दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली अशी की, त्या नुसता उपदेश करीत नाहीत. इंग्लंडात जन्मणाऱ्या दर सात मुलांत एकाहून अधिक मूल वर्षाच्या आत मरते, लंडनमध्ये पाच वर्षे पुरी होण्यापूर्वी पाचांपैकी दोन मुले जातात, असा हिशेब मांडून त्या आईला विचार करायला लावतात की ही मुले कोणत्या घरांत मरतात आणि का. दुसरी गोष्ट याच्या उलट वाटेल. जी बाई जन्मभर आकड्यांच्या मागे लागली, तीच येथे सरासरीपासून सावध राहायला सांगते. सरासरीवरून एवढेच कळते की अमुक वस्तीत शेकडा इतके लोक मरणार. कोणत्या घरात मरणार, हे पाहायला डोळे उघडे ठेवून त्या घरात जावे लागते. नर्सने समोरच्या रोग्याने किती खाल्ले, किती झोपला, नाडी कशी आहे, हे स्वतः पाहून नेमके सांगितले पाहिजे. अंदाजाने बरा आहे, ठीक आहे, असे सांगणे त्यांना मुळीच खपत नसे. विद्यार्थी मित्रांनो, संशोधनाचा निष्कर्ष आणि समोरचा माणूस या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आजच्या शिक्षिकेलाही रोज पडतो. तो त्या पुस्तकात इतक्या वर्षांपूर्वी आलेला आहे.

आता ज्या प्रकरणासाठी मी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो. ते सहसा कोणी सांगत नाही.

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत बाळंतपणे अडाणी सुईणींच्या हातून होत. आपल्याकडेही ही स्थिती फार जुनी नाही. नाइटिंगेलबाईंनी ठरवले की खेड्यातल्या शहाण्या, धडधाकट बायका निवडून त्यांना सहा महिने सुईणपण शिकवावे आणि परत आपापल्या गावी धाडावे. १८६२ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात त्यांच्या निधीच्या खर्चाने एक लहानसा प्रसूतिविभाग सुरू झाला. मेरी जोन्स नावाच्या अत्यंत कर्तबगार बाई त्यावर देखरेख करीत. स्वच्छता उत्तम, शिस्त उत्तम, शिकवणे उत्तम. गावोगावी शिकलेल्या सुईणी जाऊ लागल्या. नाइटिंगेलबाईंचा हा अतिशय आवडता उपक्रम होता.

आणि त्या विभागात बाळंतिणी मरू लागल्या. बाळंतपणानंतर येणारा तो भयंकर ताप, ज्याला आपल्याकडे बाळंतरोग किंवा सूतिकाज्वर म्हणतात. १८६७ साली त्याची साथच आली. हिशेब केला तेव्हा आढळले की, हजार बाळंतपणांमागे तीसहून अधिक माता दगावल्या होत्या. देशात एकंदरीने, म्हणजे मुख्यतः गरिबांच्या अंधाऱ्या घरांत, अडाणी सुईणींच्या हाती, हजारी सुमारे पाच माता दगावत होत्या!

या आकड्यांचा अर्थ काय होतो ते पाहावे. शिकवण्यासाठी बाळंतिणी एका ठिकाणी आणाव्या लागतात, कारण सुईणपण पुस्तकातून येत नाही. आणि एका ठिकाणी आणल्यामुळेच त्या मरतात. शिकलेली सुईण गावी जाऊन पुढे अनेक माता वाचवील हे खरे. पण तिच्या शिक्षणाची किंमत आजची ही आई का म्हणून देईल? इस्पितळातल्या पुष्कळ मोठमोठ्या डॉक्टरांनी हा प्रश्न टाळला होता. साथ येते आणि जाते, हवा खराब असते, दैव असते, असे म्हणून ते काम चालू ठेवीत. व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ सालीच विद्यार्थ्यांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावून मृत्यू झपाट्याने कमी करून दाखवले होते, तरी त्यांचे ऐकणारे थोडेच निघाले.

नाइटिंगेलबाईंनी आपला विभाग बंद केला. आपला स्वतःचा, आपल्या निधीचा, आपल्या नावाचा. बंद करून त्या थांबल्या नाहीत. डॉ. सदरलंड यांच्या मदतीने त्यांनी निरनिराळ्या देशांतून बाळंतपणांचे आकडे मागवण्यास सुरुवात केली. पहिलाच प्रश्न त्यांनी असा विचारला की, बाळंतिणींचे साधारण मृत्युप्रमाण असते तरी किती? हे ठाऊक नसेल तर कोणते इस्पितळ चांगले आणि कोणते वाईट हे ठरवायचे कशावरून? आणि आश्चर्य असे की, या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर फारसे कोणाजवळ नव्हते. एक इस्पितळ फक्त सूतिकाज्वराने मेलेल्या माता मोजी, दुसरे त्याच रोगाला निराळे नाव देई. बाई म्हणाल्या, कारणाचे नाव काहीही असो, बाळंतपणानंतर मेलेली प्रत्येक आई मोजा.

पॅरिसचे शस्त्रवैद्य लेऑन ल फोर यांनी १८६६ साली युरोपभरचे आकडे गोळा करून छापले होते, त्यांचा त्यांना मोठा उपयोग झाला. इस्पितळांतील जवळजवळ नऊ लाख बाळंतपणांत तीस हजारांवर माता मेल्या होत्या, म्हणजे हजारी चौतीस. घरी झालेल्या नऊ लाखांहून अधिक बाळंतपणांत साडेचार हजारांच्या आत, म्हणजे हजारी पाचाहूनही कमी. बाईंना आणखी एक गोष्ट आढळली. दरिद्री आश्रयगृहांच्या साध्या खोल्यांतसुद्धा नामांकित प्रसूतिगृहांपेक्षा माता कमी मरत होत्या. दोहोंत फरक कोणता? एकीकडे खोलीत दोन-चार खाटा, दुसरीकडे मोठे वॉर्ड सतत भरलेले, आणि इतर वॉर्डांतून व शवविच्छेदनाच्या खोलीतून येणारे-जाणारे वैद्यकीय विद्यार्थी.

१८७१ साली हे सर्व त्यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. सॉक्रेटिसची आई सुईण होती, म्हणून पुस्तक त्या माउलीच्या स्मृतीस अर्पण केले. सुईणी शिकवायच्याच असतील तर प्रसूतिगृह कसे असावे, याची योजना त्यात आहे. सामान्य इस्पितळापासून पूर्णपणे अलग, लहान लहान घरांसारख्या इमारती, खोलीत मोजक्या खाटा, बाळंतीण गेली की खोली रिकामी ठेवून स्वच्छ करायची, दुसरीकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांना मज्जाव.

ही योजना अमलात आली नाही. पैसा आणि माणसे जमली नाहीत, आणि नाइटिंगेल निधीचे सुईणींचे शिक्षण पुन्हा सुरू झाले नाही. खेड्यापाड्यांतील किती बायका त्यामुळे शिकलेल्या सुईणीविना राहिल्या असतील, हाही विचार मनात येतोच. काही लेखकांनी बाईंना याबद्दल दोष दिला आहे. मला तो पटत नाही. ज्या शिकवण्याने समोरचा माणूस मरतो ते शिकवणे थांबवायचे, मग ते कितीही नावाजलेले असो, याहून निराळा निर्णय त्या आकड्यांपुढे घेता आला असता असे मला वाटत नाही. तेथे त्यांनी ना प्रतिष्ठा पाहिली, ना वर्षानुवर्षांचे कष्ट.

त्यांचे सारेच निष्कर्ष अचूक होते असे मात्र समजू नये. रोग घाणेरड्या हवेतून उद्भवतात, ही त्या काळची समजूत त्यांच्या मनात फार खोल रुजलेली होती. सूक्ष्म जंतू रोग पसरवतात ही गोष्ट त्यांनी बराच काळ मानली नाही. म्हणजे प्रसूतिगृहाबाबत त्यांचा निर्णय बरोबर होता, कारणमीमांसा अर्धीच बरोबर होती. पण पुढे पुरावा वाढत गेला तसे त्यांचे शिकवणेही बदलले. १८८२ साली एका वैद्यकीय कोशासाठी त्यांनी नर्सिंगवर लेख लिहिले, त्यांत जंतुनाशकांचा वापर व हातांची आणि उपकरणांची स्वच्छता यांना जागा मिळालेली दिसते. साठी उलटलेल्या, जगप्रसिद्ध झालेल्या माणसाला आपली जुनी शिकवण बदलणे किती जड जाते, हे घरोघरी ठाऊक आहे.

आपल्या विद्यालयाकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले. पहिली दहा-बारा वर्षे युद्धखाते आणि हिंदुस्थान यांच्या कामात त्या बुडालेल्या होत्या. १८७२ च्या सुमारास चौकशी केली तेव्हा विद्यालयाची कीर्ती आणि वस्तुस्थिती यांत अंतर असल्याचे ध्यानात आले. ठरलेली व्याख्याने नियमाने होत नव्हती, मुलींच्या हाती कामाचा बोजा होता पण शिकणे अपुरे होते. मग बदल झाले. जॉन क्रॉफ्ट या शस्त्रवैद्यांनी व्यवस्थित व्याख्यानमाला सुरू केली, अभ्यासावर देखरेख करायला वसतिगृहात एक स्वतंत्र सिस्टर आली. विद्यार्थिनींना रोग्यांची टिपणे आणि दैनंदिनी लिहाव्या लागत. त्या बाई स्वतः वाचीत. मुलींना एकेकीला घरी चहाला बोलावून वॉर्डात खरोखर काय चालते ते विचारून घेत. १८७२ पासून बहुतेक दरवर्षी त्या विद्यार्थिनींना उद्देशून एक लांब पत्र लिहीत, आणि ते विद्यालयात वाचून दाखवले जाई. त्यातला एक सूर नेहमीचा असे. जी नर्स दरवर्षी काही नवीन शिकत नाही, ती आहे तेथे राहत नाही, मागे जाते.

इथून शिकून गेलेल्या परिचारिका दूरदूर पोहोचल्या. ऑस्ट्रेलियात सिडनीला १८६८ साली एक तुकडी गेली. लिव्हरपूलच्या आश्रयगृहातील इस्पितळात अ‍ॅग्नेस जोन्स यांनी गरिबांची अशी सेवा केली की, तिचे दाखले पुढे सरकारी सुधारणांत दिले गेले. त्या स्वतः मात्र १८६८ सालीच तापाने निवर्तल्या.

हिंदुस्थानाशी त्यांचा संबंध केवळ पत्रांचा, पण तो जवळजवळ चाळीस वर्षांचा. त्या येथे कधीही आल्या नाहीत. १८५९ साली येथील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला शाही आयोग नेमला गेला, तेव्हा त्यांनी प्रत्येक छावणीला प्रश्नावली पाठवण्याची व्यवस्था केली. उत्तरांचे गठ्ठे त्यांच्या घरी येऊन पडले. त्यांतून निघाले ते असे की, सैनिक वर्षाला हजारी ६९ या प्रमाणात मरत होते. लढाईत नव्हे. पाणी, गटारे आणि गर्दी. सुधारणा होत गेल्या आणि १८७३ साली ते प्रमाण हजारी १८ वर आल्याचे त्यांनी एका निबंधात नमूद केले. छावणीच्या शेजारचा बाजार आणि गाव रोगी राहिले तर छावणी निरोगी राहणार नाही, हे ध्यानी येताच त्यांचे लक्ष सैनिकांवरून रयतेकडे वळले. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्याशी त्यांचा मोठा पत्रव्यवहार होता, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही ग्रामआरोग्यासंबंधी पत्रे चालत. दख्खनचा दुष्काळ, शेतकऱ्याचे कर्ज, विहिरींचे पाणी, असे विषय लंडनमधल्या त्या आजारी बाईंच्या टेबलावर असत.

१८९२ साली, बहात्तराव्या वर्षी, त्यांनी इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यात एक नवा प्रयोग केला. खेड्यातल्या आयांना आरोग्य शिकवण्यासाठी काही स्त्रिया तयार करायच्या. आरोग्याधिकाऱ्याने आधी त्यांना शास्त्र शिकवायचे, परीक्षा घ्यायची, आणि मग त्यांनी घरोघर मैत्रिणीच्या नात्याने जाऊन दाखवायचे. नुसत्या व्याख्यानाने कोणाची चूल स्वच्छ होत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. दोन वर्षांनी बुडापेस्ट येथील आरोग्य परिषदेसाठी त्यांनी हिंदुस्थानातील खेड्यांच्या आरोग्यावर निबंध पाठवला. त्यातही रोख तोच, की गावकऱ्याला त्याच्या भाषेत, त्याच्या विहिरीपाशी उभे राहून शिकवले पाहिजे.

एक गोष्ट मात्र त्यांना साधली नाही. सरकारी कचेऱ्यांत आकड्यांचे ढीग जमतात आणि कोणी ते वापरीत नाही, याची त्यांना जन्मभर चीड होती. मंत्री आणि अधिकारी विद्यापीठांतून पदव्या घेऊन येतात, पण आकडे वाचून त्यावरून काय करावे हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. म्हणून ऑक्सफर्ड विद्यापीठात या विषयासाठी एक अध्यासन निघावे अशी त्यांची इच्छा होती. शिक्षेने गुन्हे कमी होतात का, शाळेत शिकलेल्यांपैकी किती जण पुढे ते विसरतात, असे प्रश्न तेथे अभ्यासले जावेत. १८९१ साली त्यांनी शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांच्याशी याबाबत पत्रव्यवहार केला, स्वतःचे पैसेही देऊ केले. चर्चा पुष्कळ झाली, अध्यासन निघाले नाही, आणि बाईंनी मृत्युपत्रातील ती रक्कम काढून घेतली.

शेवटच्या वर्षांत दृष्टी गेली, स्मरणही मंदावले. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा किताब त्यांना देण्यात आला. तो मिळालेल्या त्याही पहिल्याच स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडन येथे, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. राजेलोकांच्या शेजारी वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन करण्याची तयारी सरकारने दाखवली होती. ती नाकारून नातलगांनी त्यांना हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या खेड्यात, आईवडिलांजवळ ठेवले. दगडावर पूर्ण नाव नाही. एफ. एन. ही दोन अक्षरे, आणि जन्ममृत्यूच्या तारखा.